हानलेला जाताना

बेंगळुरूच्या ईशान्येला सुमारे पस्तीस किलोमीटरवर होसकोटे इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. तिथल्या नियंत्रण कक्षात बसून खगोलशास्त्रज्ञ रात्रभर एक दुर्बीण चालवतात आणि ती दुर्बीण असते लडाखमध्ये, चीनच्या सीमेलगतच्या चांगथांग पठारावर, हानले गावाजवळच्या टेकडीवर. दोन मीटर व्यासाच्या आरशाच्या या हिमालयन चंद्र दुर्बिणीने २०००च्या सप्टेंबरात पहिल्यांदा आकाश टिपले. ती उभी आहे ४,५०० मीटर उंचीवर. विरळ, कोरडी, धूळ नसलेली हवा ताऱ्यांचा वेध घ्यायला उत्तम, पण तीच हवा माणसाला राहायला अवघड. म्हणून दुर्बीण वर ठेवून निरीक्षकांना खाली बसवण्याची सोय उपग्रहाच्या मदतीने करण्यात आली. बेंगळुरूहून हानलेला सहलीला निघणाऱ्याने ही व्यवस्था आधी नीट समजून घ्यावी. ज्यांचे कामच तिथे आहे त्यांनी माणसे कमीत कमी वर पाठवायचे ठरवले, आणि पर्यटक मात्र शनिवार-रविवारला दोन रजा जोडून तिथे पोहोचू पाहतो.

हानलेचे नाव सर्वसामान्य पर्यटकांच्या यादीत आले ते अलीकडे. २०२२च्या डिसेंबरात हानलेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. भारतातले हे असे पहिलेच क्षेत्र. संस्थेने आसपासच्या वस्त्यांमधल्या चोवीस तरुण-तरुणींना आकाशदर्शनाचे प्रशिक्षण देऊन छोट्या दुर्बिणी दिल्या. त्यात मुलींची संख्या मोठी आहे. घरात पाहुणे ठेवायचे आणि रात्री अंगणातून आकाश दाखवायचे, असा जोडधंदा त्यातून उभा राहिला. टेकडीवरच्या मोठ्या दुर्बिणी संशोधनाच्या आहेत, पर्यटकाला त्यांतून पाहता येत नाही. त्या अपेक्षेने गेलेला माणूस हिरमुसतो. आकाश दिसते ते गावात, या तरुणांच्या दुर्बिणीतून आणि त्याहूनही सुंदर नुसत्या डोळ्यांनी.

प्रवासाचा आराखडा करताना किलोमीटर मोजण्याची सवय सोडून द्यावी लागते. लेहपासून हानले सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसाची मजल. नकाशावर तर ती किरकोळच दिसते. खरा हिशेब उंचीचा आहे. बेंगळुरू सुमारे ९०० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर, हानले गाव ४,३०० मीटरच्या आसपास. हवेचा दाब बेंगळुरूत समुद्रसपाटीच्या नव्वद टक्के असतो, लेहमध्ये तो पासष्ट टक्क्यांवर आणि हानलेत साठ टक्क्यांच्या जवळ येतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. शरीर या तुटवड्याशी जुळवून घेते, श्वास वाढवते, रक्तातले आम्ल-अल्कलीचे प्रमाण बदलते, पण त्याला दिवस लागतात. व्यायामाची सवय, तरुण वय, मॅरेथॉन धावल्याचा अनुभव यांपैकी काहीही या दिवसांची भरपाई करत नाही. उलट धडधाकट माणसेच पहिल्या दिवशी जास्त दामटतात आणि आडवी होतात.

सर्वसाधारण नियम असा सांगितला जातो की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. विमानाने लेहला उतरणारा माणूस हा नियम पहिल्याच तासात मोडतो, कारण तो एकदम अडीच हजार मीटरहून जास्त चढलेला असतो. म्हणून लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस, शक्य तर तीन, काहीही न करता काढावेत. ‘काहीही न करता’ याचा अर्थ शब्दशः घ्यावा. दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढणे हा आराम नव्हे. एक चांगली युक्ती अशी की विमानतळावरून लेहमध्ये न थांबता सरळ पश्चिमेला आल्चीकडे जावे. सिंधूच्या काठचे हे गाव सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर खाली आहे. पहिल्या दोन रात्री तिथे झोप बरी लागते, शिवाय जर्दाळूच्या बागा आणि जुन्या भित्तिचित्रांचा विहार पाहायला मिळतो.

चांगथांगचा खरा धोका मात्र आकड्यांत दिसत नाही, तो जमिनीच्या ठेवणीत आहे. सह्याद्रीत माथ्यावर त्रास झाला तर घाट उतरून तासाभरात कोकणात जाता येते. नेपाळमधल्या पायवाटांवरही दोन तास उतरले तर पाचशे मीटर खाली येता येते. चांगथांग हे पठार आहे. हानलेत मध्यरात्री एखाद्याची तब्येत बिघडली तर कितीही गाडी हाकली तरी बराच वेळ माणूस चार हजार मीटरच्या आसपासच राहतो. लेहची उंची गाठायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. अतिउंचीच्या आजारावरचा सर्वांत खात्रीचा इलाज खाली उतरणे हा आहे, आणि नेमका तोच इथे चटकन मिळत नाही. त्यामुळे हानलेला जायचे की नाही हा निर्णय लेहमध्येच, शांतपणे, सगळ्यांच्या तब्येती पाहून घ्यायचा असतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणे ही सौम्य लक्षणे पहिल्या दिवशी पुष्कळांना जाणवतात आणि विश्रांतीने जातात. ती अंगावर असताना पुढची चढण घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक संकटे टळतात.

दोन लक्षणे मात्र ओळखता आलीच पाहिजेत. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला वाढत जाणे म्हणजे फुप्फुसात पाणी साचू लागल्याची शक्यता. बोलण्यात गोंधळ आणि चालताना तोल जाणे म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची शक्यता. तोल तपासायची सोपी रीत अशी की टाचेला पायाचे बोट टेकवत सरळ रेषेत दहा पावले टाकायला सांगावीत. ज्याला ते जमत नाही त्याला ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणून झोपू देऊ नये, प्राणवायू लावून तत्काळ खाली निघावे. भाड्याने मिळणारा प्राणवायूचा मोठा सिलिंडर अशा वेळी काही तासांचा अवधी मिळवून देतो. बाजारात मिळणारे हातात मावणारे फवाऱ्याचे डबे मात्र काही मिनिटेच पुरतात, त्यांच्या भरवशावर राहणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण त्याच्या आकड्याने घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. नव्वदच्या खालचा आकडा लेहमध्ये अनेक निरोगी माणसांचा येतो, आणि गारठलेल्या बोटावर तो चुकतोही. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

ॲसेटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. तिने लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आधीच सांगायला हवी. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस कापता येत नाहीत. हृदयविकार, फुप्फुसांचा जुनाट आजार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आणि गर्भारपण असेल तर हानलेचा बेत डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नये. तान्ह्या बाळांना त्रास होत असेल तर ते सांगता येत नाही, म्हणून त्यांना तर नेऊच नये. आणि बेंगळुरूकरांसाठी एक खास सूचना: रोज तीन-चार वेळा फिल्टर कॉफी घेणाऱ्याने ती प्रवासात अचानक बंद केली तर त्यानेही डोके ठणकते, आणि ती डोकेदुखी अतिउंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते. कॉफीची पूड बरोबर न्यावी, निदानाचा घोळ टळतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत पूर्ण वर्ज्य.

विमानाने जाणाऱ्यांना बहुधा दिल्लीत विमान बदलावे लागते. लेहची उड्डाणे मुख्यतः सकाळची असतात, कारण दिवस चढला की वारे वाढतात आणि तापलेली विरळ हवा विमानाला पुरेसे उचलून धरत नाही. २०२४च्या जुलैत उष्म्यामुळेच लेहची उड्डाणे रद्द करावी लागली होती. बेंगळुरूहून रात्री उशिरा निघून दिल्ली विमानतळाच्या खुर्चीवर रात्र काढायची आणि पहाटेचे विमान धरायचे, असा बेत पुष्कळ जण पैसे वाचवण्यासाठी करतात. न झोपलेले शरीर घेऊन एकदम साडेतीन हजार मीटरवर उतरणे ही मात्र खोटी बचत आहे. दिल्लीत एक रात्र नीट झोपावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, म्हणजे एक उड्डाण रद्द झाले तर पुढच्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

रस्त्याने जाणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. बेंगळुरूतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हैदराबाद, नागपूर, दिल्ली करत थेट श्रीनगरला पोहोचतो आणि तिथून महामार्ग १ लेहला नेतो. एकूण अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक. श्रीनगर-कारगिल मार्गे जाणे मनालीमार्गापेक्षा शरीराला सोपे, कारण त्या वाटेवर झोजी ला आणि फोतू ला या खिंडी असल्या तरी रात्रीचे मुक्काम तीन हजार मीटरच्या आत-बाहेर होतात. मनालीकडून जाताना २०२०मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांग टळतो, पण पुढे बारालाचा ला, लाचुंग ला, टांगलांग ला या उंच खिंडी येतात आणि अनेक जण मधली रात्र ४,२०० मीटरवरच्या सरचूला काढतात. खालून आलेल्या माणसाने त्या उंचीवर दुसऱ्याच रात्री झोपणे म्हणजे त्रासाला आमंत्रण. जाताना श्रीनगर आणि येताना मनाली हा क्रम सरस. बाहेरून भाड्याने आणलेल्या दुचाकी आणि स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या लेहच्या पुढे नेण्यास स्थानिक वाहतूक संघटनांचा कडवा विरोध असतो. स्वतःच्या नावावरची केए पाटीची गाडी असेल तर अडचण नाही, कागदपत्रे मात्र मूळ हवीत.

वेळ कोणती निवडावी, या प्रश्नात बेंगळुरूच्या शाळांचे वेळापत्रक आडवे येते. हानलेला जायला जून ते सप्टेंबर हा काळ बरा. शाळांना मोठी सुट्टी असते ती एप्रिल-मे महिन्यांत, तेव्हा वर अजून कडक थंडी असते आणि मनालीचा रस्ता बहुधा उघडलेला नसतो. उरते दसऱ्याची सुट्टी. त्या सुमारास आकाश फार स्वच्छ असते, गर्दी ओसरलेली असते, पण रात्री पारा शून्याखाली उतरतो. डिसेंबरातल्या पंधरा अंशांना थंडी म्हणणाऱ्या शहरातून येणाऱ्याने तिथला स्वेटर तिथेच ठेवावा हे उत्तम. ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत त्यांनी सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा. संध्याकाळ होताच आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला दिसू लागतो आणि थंडी सोसवते.

त्याहून महत्त्वाची आहे तिथी. पौर्णिमेच्या आसपास हानलेला गेलेल्याला चांदण्यात न्हालेले पठार दिसते, तारे दिसत नाहीत. कॅलेंडरच्या पानावर अमावास्या शोधून तिच्या चार-पाच दिवस आधीपासून दोन-तीन दिवस नंतरपर्यंतचा काळ धरावा आणि त्यात हानलेचे किमान दोन मुक्काम बसवावेत, कारण एखादी रात्र ढगाळ निघू शकते. लडाख पर्जन्यछायेत आहे, लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, तरी जुलै-ऑगस्टमध्ये ढग येतात आणि कधी भयंकर येतात. २०१०च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीने लेहमध्ये मोठी प्राणहानी झाली होती. आकाश मोकळे असले की बेंगळुरूच्या आकाशाशी असलेला फरकही दिसतो. बेंगळुरूत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेरा अंशांवर, इमारतींच्या आड असतो. हानलेत तो तेहतीस अंशांवर ठळक दिसतो. उलट, दक्षिणेत सहज दिसणारा अगस्त्य तिथे क्षितिजालगत येऊन जातो. हा फरक मुलांना आधी सांगून ठेवला तर तिथली पहिली रात्र अधिक रंगते.

लेहहून हानलेला जायची सरळ वाट सिंधूच्या काठाने आहे: कारू, उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा, आणि तिथे नदी ओलांडून दक्षिणेला हानले. या वाटेवर एकही उंच खिंड नाही, हे तिचे मोठेपण. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत आणि उंची चार हजार मीटरच्या जवळपास. जाताना एक रात्र तिथे काढली तर हानलेची उंची दोन पायऱ्यांत गाठता येते. पँगाँग सरोवर आणि चुशूलवरून हानलेला जायची दुसरी वाट सुंदर आहे, पण तिच्यात चांग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड आणि मग थेट ४,२०० मीटरच्या वरचा मुक्काम येतो. ती वाट परतताना घ्यावी. पेट्रोल कारूलाच पूर्ण भरून घ्यावे, पुढे पंपाचा भरवसा धरू नये. रोख रक्कमही लेहमधूनच न्यावी.

हा सगळा सीमाभाग असल्याने कागदपत्रांचे प्रकरण आहे. परवाना आणि पर्यावरण शुल्क यांची व्यवस्था लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर होते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा पाहावेत आणि ओळखपत्राच्या चार-पाच छायाप्रती जवळ ठेवाव्यात. अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून आलेले नातेवाईक बरोबर असतील तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: ओसीआय कार्ड असले तरी संरक्षित क्षेत्राच्या परवान्यासाठी ते परदेशी नागरिकच धरले जातात. घरातल्या निम्म्या माणसांना नाक्यावरून परत फिरावे लागले, तर सहलीचा विचका होतो. लष्करी छावण्या, पूल, धावपट्ट्या यांची छायाचित्रे काढू नयेत. परवानगीशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही नको. कर्नाटकातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तरीही चांगथांगात कित्येक तास संपर्क नसेल असे घरच्यांना सांगून निघावे.

हानलेत हॉटेलपेक्षा गावातल्या घरी राहणे श्रेयस्कर. डाळ-भात, थुकपा, लोणी-मिठाचा चहा असे साधे जेवण मिळते. या उंचीवर पाणी शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहाही बेंगळुरूसारखा लागत नाही. चिवड्याची बंद पाकिटे फुगून फुटतात, ती डब्यात भरून न्यावीत. वीज कमी, थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री पांघरुणात घेऊन झोपावे. कपडे एकावर एक घालता येतील असे पातळ थरांचे असावेत, आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे जाकीट. दिवसा ऊन इतके तीव्र असते की गॉगल आणि ओठांना मलम नसेल तर दोन दिवसांत पस्तावा होतो.

अंधार हीच इथली संपत्ती असल्याने तिचे काही संकेत आहेत. रात्री गाडीचे प्रखर दिवे लावून फिरू नये, खोलीचे पडदे ओढावेत, हातात विजेरी असेल तर लाल प्रकाशाची. पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत पडला की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीस-तीस मिनिटे जातात, आणि शेजारी अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवून बसलेल्या माणसाचे छायाचित्रही बिघडते.

हा टापू चांगथांग वन्यजीव अभयारण्यात येतो. हानलेच्या दलदलीत काळ्या मानेचा क्रौंच घरटी करतो. माळावर कियांग हे रानगाढव कळपाने चरते, नशीब असेल तर तिबेटी लांडगा किंवा पल्लासचे रानमांजर दिसते. कियांगच्या कळपामागे गाडी पळवून चित्रफीत काढण्याची खोड काही पर्यटकांना लागली आहे. विरळ हवेत जिवाच्या आकांताने धावणाऱ्या प्राण्याला आणि त्याच्या गाभण माद्यांना ती महागात पडते. गाडी रस्ता सोडून माळावर घालू नये. तिथले गवत वर्षातून दोन-तीन महिनेच वाढते, त्यावर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे जात नाही आणि चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना शेळ्या त्याच गवतावर जगतात. गावाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांना बिस्किटे घालणे हा दयाळूपणा वाटतो, पण हीच कुत्री क्रौंचांची अंडी-पिल्ले खातात. कचरा, विशेषतः प्लास्टिकच्या बाटल्या, पिशवीत भरून लेहपर्यंत परत आणाव्यात.

हानलेपर्यंत आलेल्या बहुतेकांना उमलिंग ला खिंडीतला रस्ता खुणावतो. ५,७९८ मीटरवरच्या या रस्त्याची २०२१मध्ये जगातला सर्वांत उंच वाहनयोग्य रस्ता म्हणून गिनीजने नोंद घेतली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. हानलेत दोन रात्री निर्वेध झोप लागली असेल तरच, सकाळी लवकर निघून, वर दहा-पंधरा मिनिटांहून जास्त न थांबता दुपारपर्यंत परतावे. लहान मुले आणि ज्येष्ठ यांना गावातच ठेवलेले बरे. पाटीशेजारी छायाचित्र काढण्यापलीकडे तिथे करण्यासारखे फारसे नाही.

एकूण हिशेब मांडला तर बेंगळुरू ते बेंगळुरू दहा-अकरा दिवस लागतात: एक रात्र दिल्लीत, तीन आल्ची किंवा लेहमध्ये, एक चुमाथांगला, दोन किंवा तीन हानलेत, एक परतीची लेहमध्ये, आणि शेवटी एक राखीव दिवस. राखीव दिवसाला कात्री लावू नये. २०२५च्या मे महिन्यात सीमेवरच्या संघर्षामुळे लेहचा विमानतळ काही दिवस बंद होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लेह शहरात संचारबंदी लागली होती. तिकिटे आणि खोल्या रद्द करण्याच्या अटी म्हणूनच आधी वाचाव्यात, आणि प्रवासविमा घेताना त्यात अतिउंचीचा आजार व हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहावे. दहा दिवस मिळत नसतील तर हानले वगळून लेहसोबत नुब्रा खोरे करावे. वाटेत खार्दुंग ला ही उंच खिंड लागते खरी, पण नुब्रातल्या हुंदर गावचा मुक्काम लेहपेक्षा खाली होतो आणि आठवड्याच्या रजेत ही सहल बसते.